जामखेडच्या डॉक्टरीणबाई : मेबल आरोळे यांचे चरित्र

नांदेड व लातूर जिल्ह्यांतील खेड्यापाड्यांतून मंडळ्यांच्या भेटीसाठी फिरत असता, पाळकास व उपदेशकास आजाऱ्याच्या खाटेपाशी बसण्याचा प्रसंग वारंवार येतो. आम्ही प्रार्थना करतो, धीर देतो, आणि तालुक्याच्या गावी न्या असे सांगून उठतो. परंतु पुष्कळदा असे दिसून येते की, जे मूल तापाने वा हगवणीने मरणाच्या दारी पोहोचले, त्याचे दुखणे मोठे नव्हतेच; घरच्या माणसांस दोन साध्या गोष्टी वेळेवर ठाऊक नव्हत्या, एवढेच. अशा वेळी मनास टोचणी लागते की, ज्ञान असून ते योग्य हाती पोहोचले नाही, हा दोष कोणाचा? ज्या बाईंचे चरित्र आज आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहो, त्यांनी हाच प्रश्न आपल्या आयुष्याचा प्रश्न केला, आणि त्याचे उत्तर आपल्या सीमेलगतच्याच मुलखात शोधून काढले. त्या म्हणजे डॉक्टर मेबल आरोळे. त्यांना जाऊन आता पंचवीस वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. नव्या पिढीच्या उपदेशकांपैकी अनेकांनी केवळ त्यांचे नाव ऐकले असेल. म्हणून ही हकिकत थोडी सविस्तर देतो.

मेबलबाईंचा जन्म 1935 सालच्या डिसेंबर महिन्यात, नाताळाच्या दुसऱ्या दिवशी, जबलपूर येथे झाला. त्यांचे वडील इम्मानुएल हे तेथील लेनर्ड थिऑलॉजिकल कॉलेजात नव्या कराराची ग्रीक भाषा शिकवीत. अर्थात ज्या घरात पाळक तयार होत, त्या घराच्या अंगणात ही मुलगी वाढली. घरी धन नव्हते, पण विद्या होती; आणि विद्या ही दुसऱ्यास देण्याची वस्तू आहे, हा धडा तिने बापाच्या रोजच्या कामावरून घेतला असावा असे आम्हांस वाटते.

पुढे वैद्यकी शिकण्यासाठी त्या दक्षिणेत वेल्लोर येथील ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात गेल्या. ही संस्था डॉक्टर आयडा स्कडर यांनी 1900 साली एका लहानशा दवाखान्याने आरंभिली, आणि 1918 साली तेथे स्त्रियांसाठी वैद्यकशाळा सुरू केली, हे पुष्कळ वाचकांस माहीत आहेच. मेबलबाईंच्या वर्गात अहमदनगर जिल्ह्यातील एक तरुण होता, त्याचे नाव रजनीकांत आरोळे. त्याचे आईबाप दोघेही शिक्षक, आणि खेड्यातील हालअपेष्टा त्याने लहानपणापासून पाहिलेल्या. दोघांचा अभ्यास उत्तम, आणि दोघांचे मन एकाच दिशेस लागलेले. 1959 साली दोघे डॉक्टर झाले व 1960 साली त्यांचा विवाह झाला. विवाहाच्या वेळीच त्यांनी देवासमोर ठरविले की, आपले आयुष्य खेड्यातील गोरगरिबांसाठी वाहावयाचे. लग्नमंडपातील निश्चय पुष्कळांचे मांडवाबरोबरच उतरतात. यांचा तसा उतरला नाही.

1962 ते 1966 पर्यंत हे पतिपत्नी नेवासे तालुक्यातील वडाळा येथील मिशन इस्पितळात होते. मेबलबाईंची मातृभाषा मराठी नव्हती. तरी खेड्यातील बायकांच्या सुखदुःखात शिरावयाचे तर त्यांचीच बोली बोलली पाहिजे, हे ओळखून त्यांनी ती आपलीशी केली. दोघांच्या हातास यश होते, आणि दूरदूरचे रोगी येऊ लागले. दुसरा कोणी असता तर एवढ्यावर समाधान मानून राहिला असता. परंतु इस्पितळाच्या दारी उभे राहून या दोघांस एक गोष्ट सलू लागली. हगवणीने सुकलेले जे मूल आज बरे करून घरी धाडावे, तेच दोन महिन्यांनी पुन्हा तशाच अवस्थेत परत येई. किंवा परत येतच नसे. कारण घरी तेच गढूळ पाणी, तीच उपासमार आणि तीच अंधश्रद्धा. येणाऱ्या दुखण्यांपैकी बहुतेक दुखणी मुळातच टाळता येण्याजोगी होती. शिवाय इस्पितळापर्यंत पोहोचत ते थोडे, आणि ज्यांची स्थिती सर्वांत वाईट ते तर घराबाहेर पडतच नसत. गळक्या रांजणात पाणी भरीत बसावे आणि छिद्राकडे पाहू नये, तसे हे काम होत आहे असे त्यांना वाटू लागले.

तेव्हा अधिक शिकावे म्हणून 1966 साली दोघे अमेरिकेस गेले. रजनीकांतांनी शस्त्रक्रियेचा व मेबलबाईंनी वैद्यकीचा पुढील अभ्यास केला, आणि नंतर बाल्टिमोर येथील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात दोघांनी सार्वजनिक आरोग्याची पदवी घेतली. तेथे त्यांना कार्ल टेलर हे गुरू लाभले. टेलर हे हिंदुस्थानातच जन्मलेले, वैद्यकीय मिशनऱ्यांचे पुत्र, आणि खेड्यांच्या आरोग्याविषयी संशोधन करणारे. त्यांच्या देखरेखीखाली या दोघांनी एक योजना कागदावर मांडली : एक दुष्काळी तालुका घ्यावयाचा, तेथील घरोघरची माहिती जमवावयाची, कोणत्या रोगाने किती मुले मरतात ते मोजावयाचे, आणि लोकांच्याच हाताने ते मरण कमी करून दाखवावयाचे. अमेरिकेत राहते तर मान व पैसा दोन्ही मिळते. परंतु 1970 साली ते परत आले.

कोठे जावे हा प्रश्न होता. अहमदनगर जिल्ह्याच्या, ज्यास आता अहिल्यानगर म्हणतात, अगदी पूर्वेस, बीड व धाराशिव जिल्ह्यांच्या सीमेस लागून जामखेड हा तालुका आहे. पाऊस बेभरवशाचा, जमीन हलकी, आणि दर वर्षी माणसे ऊसतोडीस किंवा खडी फोडण्यास बाहेर जाणारी. आपल्या मराठवाड्यातील वाचकांस या मुलखाचे वर्णन अधिक सांगावयास नको. तेथील पुढाऱ्यांनी बोलाविले, आणि जनावरांच्या दवाखान्याच्या एका जुन्या इमारतीत काम सुरू झाले. मेबलबाई त्या वेळी पस्तिशीच्या आत होत्या.

जामखेड भागात पहिली मोजणी झाली तेव्हा जी संख्या पुढे आली ती वाचून आजही अंगावर काटा उभा राहतो. जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी 176 मुले वर्षाची होण्यापूर्वीच मरत. म्हणजे साडेपाच पाळण्यांमागे एक पाळणा रिकामा होई. रोगांची नावे भयंकर नव्हती : हगवण, खोकला व ताप, धनुर्वात, गोवर, आणि या सर्वांच्या मुळाशी अर्धपोटी राहणे. बाळंतिणीस कमी खावयास द्यावे, नव्या बाळास पहिले दिवस आईचे दूध पाजू नये, गोवर ही देवी म्हणून औषध करू नये, आणि हगवण लागली की पाणी तोडावे, असे समज घरोघरी होते.

परंतु गावकऱ्यांस जाऊन विचारले तर ते आरोग्याविषयी बोलत ना. ते म्हणत, आधी पाणी व अन्न पाहा. तोच 1972 चा दुष्काळ पडला, जो आमच्यातील वृद्धांस अजून आठवतो. येथे या दोघांचे शहाणपण दिसून आले. लोक जे मागत आहेत तेच आरोग्य होय, असे त्यांनी मानले. लहान मुले व गरोदर स्त्रिया यांच्यासाठी गावोगाव अन्नछत्रे उघडली. पण शिजविणे व वाढणे गावकऱ्यांनीच करावयाचे, आणि सर्व जातींच्या मुलांनी एका पंगतीस बसावयाचे. कूपनलिका खणावयाच्या तेव्हा त्या होता होईतो महारवाड्याच्या व मांगवाड्याच्या बाजूस पाडल्या. ज्यांना आजवर सार्वजनिक विहिरीस शिवू दिले जात नव्हते, त्यांच्या दारी पाणी लागले, आणि वरच्या आळीतील बायकांस घागर घेऊन तिकडे यावे लागले. या एका गोष्टीने जे झाले ते शंभर व्याख्यानांनी झाले नसते. आमच्या वाचकांपैकी ज्यांच्या आजोबांनी पाण्यासाठी ओंजळ पसरून दूर उभे राहण्याचा अपमान सोसला आहे, त्यांस याचा अर्थ समजावून देण्याची गरज नाही.

आता आम्ही या चरित्रातील मुख्य गोष्टीकडे येतो. आरंभी त्यांनी खेड्यात शिकलेल्या परिचारिका ठेवण्याचा प्रयत्न केला. तो फसला. शहराकडील तरुण मुलगी एकटी खेड्यात राहण्यास भीत असे, आणि गावच्या बायका तिला परकी समजत. तिचे सांगणे ऐकून घेत, पण वागत आपल्याच रीतीने. तेव्हा गावकऱ्यांशी विचारविनिमय करता असे ठरले की, गावानेच आपल्यातील एक बाई निवडून द्यावी आणि तिलाच शिकवावे. गावांनी ज्या निवडल्या त्या बहुधा निरक्षर, मध्यम वयाच्या. काही नवऱ्याने टाकलेल्या, काही विधवा, काही अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील. वैद्यकी जाणणाऱ्या मोठमोठ्या लोकांनी शंका घेतली की, जिला अक्षर येत नाही तिच्या हाती औषध व बाळंतपण सोपविणे हे धोक्याचे नाही काय? शंका अगदीच वावगी नव्हती. तिचे उत्तर वादाने देता येण्याजोगे नव्हते. शिकवून दाखविणे एवढाच उपाय होता, आणि ते शिकविण्याचे काम मुख्यत्वे मेबलबाईंनी आपल्याकडे घेतले.

या बायका आठवड्यातून दोन दिवस जामखेडास येत. सर्व जातींच्या बायका एकत्र स्वयंपाक करीत, एकत्र जेवीत आणि रात्री एकाच खोलीत शेजारी शेजारी निजत. पहिल्या दिवसांत काहींस हे जड गेले. पण जी बाई कालपर्यंत दुसरीच्या हातचे पाणी पीत नव्हती, ती काही महिन्यांनी तिच्याच मांडीवर डोके ठेवून रडू लागली. मेबलबाई प्रथम औषधांची नावे शिकवीत नसत. प्रत्येकीने आपली कहाणी सांगावी, आपणांस काय येते ते सांगावे, यावर त्यांचा भर असे. कारण जन्मभर जिला कोणी मत विचारले नाही, तिला आधी आपल्यालाही बुद्धी आहे याची खात्री पटावी लागते. मग त्या हळूहळू शिकत : मुलाचे वजन कसे करावे, साखर-मिठाचे पाणी कोणत्या प्रमाणात करून पाजावे, गरोदर बाईच्या पायावर सूज दिसली तर ती का धोक्याची, नाळ कापण्याचे पाते का उकळावे, कुष्ठाचा पहिला डाग कसा ओळखावा, खोकला किती दिवस राहिला तर क्षयाची शंका घ्यावी. अक्षरांऐवजी चित्रे, गाणी व गोष्टी. पुढल्या आठवड्यास परत आल्यावर गावात काय घडले, कोणी ऐकले, कोणी हिणविले, कोठे आपली चूक झाली, हे सर्व त्या मांडीत, आणि तोच पुढचा धडा होई. अशा रीतीने शिकविणे व संशोधन ही दोन कामे त्यांच्या हाती एकच झाली. आपल्या गावात किती जन्मले, किती मेले, कशाने मेले याची खबर ही निरक्षर बाई ठेवी, आणि ती माहिती जाडजूड वह्यांत कुलूपबंद न राहता गावाच्या सभेत गावकऱ्यांसच सांगितली जाई.

पुरुषांसाठी शेतकऱ्यांची मंडळे स्थापन झाली. तरुण मंडळी प्रथम संध्याकाळी हॉलीबॉल खेळण्यास जमत, आणि खेळ झाला की बोलणे पाणी, झाडे व बांधबंदिस्ती यांवर येई. मग महिला मंडळे आली. त्यांतून बायकांस शेळ्या व लहान दुकाने यांसाठी कर्जे मिळू लागली. कुष्ठरोग्यांस वेगळ्या वसाहतीत न धाडता इतर रोग्यांबरोबर त्याच इस्पितळात उपचार देण्याची रीत पाडली. हे पाहूनच लोकांची भीती गेली. नुसत्या सांगण्याने ती जाती ना.

फळ काय आले? 1971 साली दर हजारी 176 असलेले बालमरण 1976 पर्यंत 52 वर आले, आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यापर्यंत ते तिसाच्या खाली उतरले. वाचकांनी हे आकडे म्हणून न वाचता, मायेच्या कुशीत राहिलेली मुले म्हणून वाचावेत अशी आमची विनंती आहे. हे काम जगाच्या नजरेस आले. 1975 साली जागतिक आरोग्य संघटनेने लोकांच्या हाताने होणाऱ्या आरोग्यकार्यांवर जे पुस्तक काढले, त्यात जामखेडची हकिकत या दांपत्याने लिहिली. 1978 साली सोव्हिएत संघाच्या अमलाखालील अल्मा-आटा येथे अनेक राष्ट्रांनी प्राथमिक आरोग्याचा जो जाहीरनामा केला, त्यामागे ज्या थोड्या उदाहरणांचे बळ होते त्यांत जामखेडची गणना होते. 1979 साली दोघांस मिळून रेमन मॅगसेसे पारितोषिक देण्यात आले. देशोदेशींचे डॉक्टर व परिचारिका शिकण्यासाठी जामखेडास येऊ लागले, आणि विशेष हे की त्यांना शिकविणाऱ्यांत त्या गावच्या बायकाही असत. मेबलबाईंनी पुढे यूनिसेफच्या दक्षिण आशियासाठी सल्लागार म्हणूनही काम केले. आणि 1994 साली पतीसह आपल्या सर्व अनुभवाचा ग्रंथ प्रसिद्ध केला. त्या ग्रंथात यशाबरोबर फसलेले प्रयत्नही लिहिले आहेत, हे आम्हांस त्याचे भूषण वाटते.

1988 साली त्यांच्या शिष्यांपैकी मुक्ताबाई पोळ या अमेरिकेत वॉशिंग्टन येथे आरोग्यविषयक मोठ्या सभेत बोलल्या. सभागृहातील झुंबरांकडे बोट दाखवून त्यांनी असा आशय मांडला की, ही झुंबरे सुंदर खरी, पण महाग आणि एका जागी टांगलेली. आमच्यासारखी पणती लहान, स्वस्त, आणि तिच्यापासून दुसरी पणती लावता येते. एके काळी ज्या बाईस स्वतःच्या गावात बोलण्याची सोय नव्हती, तिने जगातील पंडितांपुढे हे सांगावे, यात शिकविणारीचे सारे जीवितकार्य आले.

सर्वच सुरळीत झाले असे लिहिणे खरे होणार नाही. 1977 साली सरकारने देशभर गावोगाव आरोग्यरक्षक नेमण्याची योजना काढली. परंतु त्यांत बहुतेक पुरुष नेमले गेले, गावाचा आधार लाभला नाही, आणि ती योजना मागे पडली. जामखेडची बाहेरील रीत उचलणे सोपे होते. आठवड्यामागून आठवडा त्याच बायकांबरोबर जमिनीवर बसून त्यांचे ऐकून घेणे कठीण होते. पुढे 2005 साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात गावची स्त्री हीच आशा म्हणून नेमण्याची योजना आली. आज आपल्या नांदेड-लातूरकडील वाडीतही आशाताई गरोदर बाईस इस्पितळात नेताना दिसते. तिच्या पाऊलवाटेवर पूर्वी चालून गेलेल्यांत जामखेडच्या त्या निरक्षर बायका होत्या, हे तिला कोणीतरी सांगावे.

1999 साली मेबलबाई देवाघरी गेल्या. वय अवघे त्रेसष्ट. 2011 साली रजनीकांतही निवर्तले. त्यांच्या मुलांनी ते काम पुढे चालविले. आणि मेबलबाईंनी शिकविलेल्या कित्येक बायका त्यांच्या मागे वर्षानुवर्षे आपापल्या गावी काम करीत राहिल्या.

वाचकहो, या चरित्रापासून आमच्या मनावर जे ठसले ते थोडक्यात सांगून पुरे करितो. मेबलबाईंजवळ जे ज्ञान होते त्याच्या बळावर त्यांना मोठ्या शहरात सुखाने राहता आले असते. खेड्यात राहूनही, ते ज्ञान आपल्यापाशी ठेवून लोकांनी आपल्या दारी येत राहावे, असे त्यांना करता आले असते. तेही चांगलेच काम ठरले असते. परंतु त्यांनी ज्ञान वाटून टाकले, आणि ज्यांना कोणी पात्र समजत नव्हते त्यांनाच ते दिले. थोडे खमीर पिठाच्या परातीत मिसळले म्हणजे ते दिसत नाही, पण सारे पीठ फुगते, हे आम्ही उपासनेत अनेकदा ऐकतो. उपदेशक बंधूंनो, आपण ज्या मंडळीत काम करतो तेथेही असा मोह असतो की, प्रार्थना आपणच करावी, वाचन आपणच करावे, आणि मागच्या ओळीत पदर ओढून बसलेल्या बाईने नुसते ऐकावे. तिला काय येते हे आपण कधी विचारले आहे काय?

आणि एक व्यवहाराची गोष्ट. पुढील वेळी ज्या घरी आजारी मूल दिसेल, तेथे प्रार्थना करून उठण्यापूर्वी हगवणीत पाणी तोडू नये, उलट उकळून गार केलेल्या पाण्यात साखर व मीठ योग्य प्रमाणात घालून थोडे थोडे पाजीत राहावे, आईचे दूध बंद करू नये, आणि मूल मलूल झाले, डोळे खोल गेले तर विलंब न करता दवाखान्यात न्यावे, एवढे त्या आईस सांगावे. प्रमाण ठाऊक नसेल तर आशाताईस विचारून आधी आपण शिकावे. तिजजवळ तयार पुड्याही असतात. मग त्या आईने तेच शेजारणीस सांगावे अशी विनंती करावी.